राजाच्या जागी बसणारे

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सिद्धेश्वर मास्तर राहतात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, त्यातल्या एकात ते कापडाचे थर मांडून यंत्राने कापतात. शांत माणूस. पाण्याच्या टाकीवरून आमच्याकडे दर उन्हाळ्यात भांडणं होतात, त्यातही ते कधी आवाज चढवत नाहीत.

नवरात्र आलं की मात्र मास्तर दिसेनासे होत. दसऱ्यानंतर परतत तेव्हा दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, आणि फाटकापासून दारापर्यंत भिंतीला धरून चालत. मला वाटायचं, कडक उपास करत असतील. एकदा त्यांच्या बायकोला, श्रीदेवीवहिनींना, मी विचारलं.

"गावाला बसायला गेले होते," त्या म्हणाल्या.

"बसायला म्हणजे?"

"राजाच्या जागी," असं म्हणून त्यांनी पिशवीतली भाजी काढायला सुरुवात केली. त्यांना त्यावर जास्त बोलायचं नव्हतं. बाकीचं मला पुढे मास्तरांकडून तुकड्यातुकड्याने कळलं.

सिंदनाळ हे त्यांचं गाव. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, बाहेर मराठी. इंग्रजांच्या काळात सिंदनाळ हे संस्थान होतं. संस्थान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हत्ती आणि तोफा येतात, तसं तिथे काही नव्हतं. वीस-बावीस गावं, एक दगडी राजवाडा, थोडे घोडेस्वार, आणि तोफांच्या सलामीचा मान नाही. राजा म्हणवून घ्यायला मुभा होती, पण दत्तक घ्यायचा, मोठी शिक्षा द्यायची, एवढंच काय लांबच्या यात्रेला निघायचं, तरी इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाला आधी विचारावं लागे.

एक गोष्ट मात्र राजा कुणाला न विचारता करायचा. नवरात्रात तो स्वतः घटी बसायचा. सदरेच्या आतल्या खोलीत देवीपुढे एक पाट मांडलेला असे. घट बसले की राजाने त्या पाटावर बसायचं आणि दसऱ्याला शिलंगणाहून तलवार परत येईपर्यंत तिथेच राहायचं. मागच्या न्हाणीपर्यंत जाण्याएवढीच मोकळीक. खाणं म्हणजे दूध आणि फळं, झोप बसल्या जागी. राजा जागेवर असला की पाऊसपाणी, पीक, गुरंढोरं सगळं जागेवर राहतं, असा गावाचा समज.

मास्तरांचे पणजोबा बसलिंगप्पा हे राजवाड्याच्या कोठीवर होते, म्हणजे धान्याचं कोठार त्यांच्या ताब्यात. त्यांच्या काळात नवा एजंट आला. त्याने सोलापुरात दरबार भरवला, भोवतालच्या लहान संस्थानिकांना बोलावलं, आणि दिवस ठरवला तो नेमका नवरात्रातला. सिंदनाळच्या राजाने कळवलं की मी घटी बसतो आहे, दसरा झाल्यावर हजर होतो. उत्तर आलं की आपण येणार नसाल तर राज्य चालवायला आपण असमर्थ आहात असं सरकार समजेल. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. एजंट आपला माणूस आणून गादीच्या शेजारी बसवणार, आणि राजा पेन्शनीत जाणार.

कारभाऱ्याने तोड काढली. राजाने दरबाराला जावं, आणि तो येईपर्यंत पाटावर दुसरं कुणीतरी बसावं, मांडीवर राजाची पगडी घेऊन. आता कुणी? भाऊबंदांपैकी कुणाला बसवावं, तर तो उठेलच याची खात्री नव्हती. राजाला मूलबाळ नव्हतं आणि चुलतभाऊ टपूनच होते. तेव्हा असा माणूस हवा की जो जन्मात गादीवर हक्क सांगू शकणार नाही. राजाच्या जातीचा नाही, नात्याचा नाही, पण विश्वासाचा. बसलिंगप्पा लिंगायत. कोठीचा माणूस. त्याला आंघोळ घालून पाटावर बसवलं. राजा निघताना म्हणाला, "मी परत येऊन उठा म्हणेपर्यंत उठू नका."

बसलिंगप्पांना वाटलं, चार-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दरबार झाला. इकडे राजाच्या एका चुलतभावाने एजंटाकडे तक्रार केली होती, तिची चौकशी सुरू झाली. चौकशी संपेपर्यंत राजाने सोलापूर सोडायचं नाही, असा हुकूम झाला. राजाला राहायला बंगला दिला, बाहेर पहारा. दसरा झाला. दिवाळी झाली. राजा सोलापुरात अडकला आणि बसलिंगप्पा पाटावर.

त्यांची बायको काशम्मा रोज सदरेच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत जायची तिला मनाई होती. तिने कारभाऱ्याला हात जोडले, "त्यांना उठवा. पाय सुजलेत त्यांचे, हितनं दिसतंय."

कारभारी म्हणाला, "मी कोण उठवणार, बाई? आणि तो उठला तर राजाची जागा मोकळी झाली असं भाऊबंद उद्याच एजंटाला जाऊन सांगतील. थोडी कळ काढ."

थंडी पडू लागली तेव्हा राजाला सोडलं. तो आला, आतल्या खोलीत गेला आणि "उठा" म्हणाला. बसलिंगप्पांना उठता आलं नाही. चौघांनी उचलून घरी नेलं. त्यानंतर ते जगले बरीच वर्षं, पण सरळ चालले नाहीत. राजाला ते बघवलं नसावं. त्याने त्यांना नदीकाठची जमीन दिली, आणि वर मान दिला. हे घराणं चालेल तोवर घरातल्या थोरल्या मुलाने नवरात्रात राजाच्या जागी बसावं.

एजंटाने पुढच्याही वर्षी दरबार नवरात्रातच घेतला. मग राजाला सोलापूरचीच सवय झाली. स्वतः घटी बसणं त्याने सोडून दिलं, आणि त्याच्या मागून आलेल्या दत्तक राजाने तर ते कधी केलंच नाही. संस्थान विलीन झालं, संस्थानिकांचे तनखे गेले, राजघराणं पुण्याला राहायला गेलं. जमीन राजवाड्यातल्या देवीच्या ट्रस्टकडे गेली. कसायला ती बसलिंगप्पांच्या वंशजांकडेच राहिली, पण बसणारा असेल तोवर.

सिद्धेश्वर मास्तर पहिल्यांदा बसले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. वडील पावसाळ्यात वारले आणि दसरा तोंडावर होता. बसण्याचं त्यांना त्या वेळी वाईट वाटलं नव्हतं. उलट गावातली म्हातारी माणसं दारातून वाकून नमस्कार करत होती, त्याचं अप्रूप वाटलं होतं. "चौथ्या-पाचव्या वर्षी कळाया लागलं," ते मला म्हणाले. "काय कळाया लागलं ते सांगता येणार न्हाय. बाहेर बैल जायचे, त्यांच्या घुंगराचा आवाज यायचा. कुणाचे बैल हायेत ते वळखायचो. मग वाटायचं, बैल तरी बाहेर हायेत."

एस.टी.त ड्रायव्हर म्हणून त्यांची निवड झाली होती. पण नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्या सुटतात, त्या दिवसांत रजा मिळणं कठीण, हे सगळ्यांनी सांगितलं. ते रुजूच झाले नाहीत. ओळखीच्या माणसाच्या गणवेश कारखान्यात लागले, कारण तिथे नवरात्रात काम कमी असतं. मास्तरांना मुलीच. मोठी दानेश्वरी नवरात्रातच जन्मली. तिचं तोंड त्यांनी दसऱ्यानंतर पाहिलं.

आणि त्यांच्या आईचं, नागव्वाचं झालं ते.

सातव्या माळेला सकाळी त्यांचा धाकटा भाऊ शिवू सदरेच्या दारात आला आणि नुसता उभा राहिला. मास्तरांनी विचारलं, "अव्वा?" शिवूने मान हलवली. मागे ट्रस्टचे तात्याबा उभे होते. मराठा शेतकरी, गावातला शब्दाचा माणूस. तात्याबा म्हणाले, "सिदू, उठायचं असंल तर ऊठ. कोण आडवणार न्हाय." त्यांच्या आवाजात खोटं नव्हतं. पण त्यांच्यामागे अर्धं गाव उभं होतं.

मास्तर उठले नाहीत.

लिंगायतांत मयताला बसवून नेतात. मखर सजवतात, त्यात बसवतात, भजन म्हणत मिरवणुकीने नेऊन मातीत पुरतात. नागव्वाची मिरवणूक राजवाड्याच्या भिंतीला लागूनच गेली. मास्तरांना टाळांचा आवाज आला, श्रीदेवीवहिनींचं रडणं त्यातून वेगळं ओळखू आलं. सगळं पुढे निघून गेलं आणि समोरची समई तशीच जळत होती. हे सांगताना ते मला म्हणाले, "त्या दिवशी उठलो असतो तर सुटलो असतो. मग वाटलं, अव्वाच्या मयतावर पाय देऊन सुटायचं का?" मग म्हणाले, "आणि खरं सांगू का, भ्यालो होतो."

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याहून परतले ते डावा पाय खांबासारखा सुजवून. पोटरीत रक्ताची गाठ निघाली. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं एका जागी बसलात तर गाठ सुटून छातीत जाऊ शकते. दर तासाला उठायचं, चालायचं. दानेश्वरी नर्सिंग शिकते, तिने बापाला समोर बसवून पुन्हा सगळं समजावलं. मास्तर "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मग माझ्याकडे आले. म्हणाले, "राजाच्या तोंडनं मोकळं व्हायला पायजे. तुमी येता का संगट?"

राजघराण्यातले आता उदयसिंह. पुण्यात त्यांचा व्यवसाय आहे. एका लग्नाला सोलापुरात आले होते, हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये भेटले. चाळिशीचा, हसतमुख माणूस. मास्तर खुर्चीवर बसेनात, तेव्हा त्यांनी हाताला धरून बसवलं.

"काका, तुम्ही अजून बसता? मला वाटलं, आता नुसती पूजा होत असेल."

"बसतो की, सरकार."

"सरकार नका म्हणू. आणि अहो, जीव धोक्यात घालून कशाला? मी सांगतो, नका बसू."

मास्तर खाली बघत म्हणाले, "हितं सांगून भागणार न्हाय. गावात येऊन, चारचौघांत सांगावं लागंल."

"येतो की. त्यात काय?"

आणि खरंच आले. भाद्रपदातल्या एका रविवारी राजवाड्यासमोर गाव जमलं. उदयसिंह चांगलं बोलले. या घराण्याने आमच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, आजपासून मी त्यांना मोकळं करतो, असं म्हणाले. मास्तरांच्या गळ्यात हार घातला. टाळ्या पडल्या. शिवू तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. जमीन तोच कसत होता.

तात्याबा आता खूप थकले होते. काठीवर भार देऊन उठले. "लई चांगलं केलंत," ते म्हणाले. "मग यंदा तुमी बसणार?"

उदयसिंह गोंधळले. "मी?"

"ह्येंच्या पणज्याला तुमच्या घरानं बसवलं. आता बदली माणूस मोकळा झाला म्हटल्यावर मूळ माणसानं बसाया पायजे की. जागा तर तुमचीच हाय."

"यंदा जमणार नाही, तात्याबा. पुढं बघू."

"मग कोण बसणार?"

उदयसिंह जेवून पुण्याला गेले. जाताना मास्तरांना म्हणाले, "काका, माझ्याकडून तुम्ही मोकळे आहात हं." मास्तरांनी हात जोडले.

त्याच संध्याकाळी शिवूच्या घरी दोघं भाऊ बसले होते. शिवू जमिनीचं काही बोलला नाही, पण दुसरंही काही बोलला नाही. त्याचा मुलगा बसू बावीस-तेवीस वर्षांचा. गावात मोबाईलचं दुकान आहे, नीट चालत नाही. बसलिंगप्पांचंच नाव त्याला ठेवलेलं. तो चहा घेऊन आला आणि तिथेच टेकला.

"मी बसतो," तो म्हणाला.

मास्तर म्हणाले, "न्हाय. मीच बसतो यंदा. पुढचं पुढं."

"डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं?"

"सांगू दे. तुला त्यात घालणार न्हाय मी."

थोरल्या काकाला त्यांच्यात कानडीतून दोड्डप्पा म्हणतात. बसू म्हणाला, "दोड्डप्पा, तुमी मला कुटं घालताय? मला बसायचंच हाय. हितं मला कोण वळखतं? दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा शिवूचा पोरगा कुटाय म्हणून मलाच विचारतंय. तुमी बसला की आख्खं गाव वाकतंय तुमच्यापुढं. तुमाला ते नको झालं असंल. मला न्हाय झालेलं."

मास्तरांनी त्याला आईच्या मयताचं सांगितलं. गावाला माहीत असलेलीच गोष्ट, पण भिंतीआडून ती कशी ऐकू आली ते सांगितलं. बसूने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "माझी आई धडधाकट हाय."

मास्तर मला म्हणाले, "त्याला मी काय बोलणार? एकोणीस वर्साचा असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी तरी ऐकलं असतं का?"

घटस्थापनेला मास्तर स्वतः गावाला गेले. बसूला पाटावर कसं बसायचं ते दाखवलं. मांडी कधी बदलायची, पायाची बोटं कशी हलवत राहायची, पाठीचा कणा भिंतीला कुठे टेकवायचा. मग पगडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि उलट पावली बाहेर आले. पहिल्याच बसने सोलापूरला परतले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवरात्रात ते घरी होते. श्रीदेवीवहिनींनी सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात जायचं ठरवलं होतं. नवरा-बायको जोडीने देवीला जाणं त्यांच्या संसारात झालेलंच नव्हतं. गेले, रांगेत उभे राहिले, दर्शन घेतलं. परत येताना मास्तर म्हणाले, "उद्या गावाकडं जाऊन येतो."

"कशाला?"

"पोरगं एकटं हाय."

गेले ते राहिलेच. सदरेच्या पायरीवर बसायचे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मधूनमधून उठून राजवाड्याच्या चौकात फेऱ्या मारायचे, पुन्हा पायरीवर येऊन बसायचे. आतून बसू कधी पाणी मागायचा, कधी नुसताच "दोड्डप्पा, हाय का?" असं विचारायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याचं विचारणं वाढलं होतं. एकदा म्हणाला, "कंबर लई धरलीय." मास्तर म्हणाले, "उठायचं का?" आतून आलं, "न्हाय, लोक काय म्हणतील."

सातव्या माळेला मात्र मास्तर सकाळी पायरीवर नव्हते. नागव्वाला पुरलं त्या शेतात गेले होते. आईच्या तिथीला ते तिथे कधी जाऊ शकले नव्हते, तेव्हा घरातलं दुसरंच कुणीतरी फुलं वाहायचं. तिथे ते किती वेळ होते, काय केलं, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुपारी पुन्हा पायरीवर होते.

दसऱ्याला श्रीदेवीवहिनी आणि दानेश्वरीबरोबर मीही सिंदनाळला गेलो. शिलंगणाहून तलवार आली, हलगी वाजली. राजाच्या वतीने तात्याबा आत गेले आणि बसूला "उठा" म्हणाले. बसू दाराच्या चौकटीला धरून बाहेर आला. लोकांनी त्याच्या पायावर डोकी ठेवली, पोरांनी मोबाईलवर फोटो घेतले. त्याची आई रडत होती, पण आनंदाने. त्या गर्दीत मास्तर एका बाजूला चपला घालत उभे होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्यांनाही ते नको होतं असं दिसलं.

दानेश्वरी बसूजवळ गेली. बहीणच ती. तिने त्याचे पाय दाबून पाहिले. "सूज आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बसू नकोस."

बसू हसला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "आता कसं न्हाय म्हणू?"

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी, मास्तर मधे, मी कडेला. मी म्हटलं, "चला, तुम्ही तरी सुटलात."

मास्तरांनी पोटरी चोळली. मग म्हणाले, "शिवू बसूचं लगीन ठरवतोय. चैत्रात करायचं म्हणतोय."

"बरं आहे की."

"व्हय. बरं हाय." त्यांनी पाय लांब करायचा प्रयत्न केला, पुढच्या सीटला अडकला, पुन्हा आत घेतला. "पोरीला आधी सांगाया पायजे. नवरात्रात हे असं असतंय म्हणून. श्रीदेवीला कुणी सांगितलं नव्हतं."

वहिनी बाहेरच बघत होत्या. "सांगितलं असतं तरी दिलं असतं मला," त्या म्हणाल्या. "जमीन होती ना घरात."

अक्कलकोटला बस थांबली. मास्तर उठून खाली उतरले, स्टँडवर दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि कंडक्टरने घंटी द्यायच्या आत परत येऊन आपल्या जागेवर बसले.